डॉक्टरांची दुसरी शाळा

मंडळी, डॉक्टरकीची पदवी मिळाली की शिक्षण संपलं, असं आपण धरून चालतो. पण रोगी बरा करणं वेगळं आणि नवं काही शोधून काढणं वेगळं. त्यासाठी डॉक्टरांनाही पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं. मी पडले कला शाखेची, तरी टेस्ट ट्यूब बेबीच्या इतिहासातली दोन उदाहरणं मला फार बोलकी वाटतात.

पहिलं कोलकात्याचं. डॉ. सुभाष मुखोपाध्याय एम.बी.बी.एस. झाल्यावर नुसता दवाखाना थाटून बसले नाहीत. कोलकाता विद्यापीठाची पीएच.डी. केली. मग एडिंबरोला जाऊन १९६७ मध्ये प्रजनन संप्रेरकांच्या अभ्यासात दुसरी केली. लुईस ब्राऊननंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, त्यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. गोठवून ठेवलेल्या गर्भापासून! पण सरकारने नेमलेल्या समितीला ते पटलं नाही. जपानला जाऊन आपलं काम मांडायची परवानगीही मिळाली नाही. १९८१ मध्ये या माणसाची बदली झाली ती चक्क नेत्रविज्ञान संस्थेत. त्याच वर्षी १९ जूनला त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. ‘एक डॉक्टर की मौत’ हा सिनेमा पाहिलेल्यांना ही कथा ओळखीची वाटेल.

दुसरं आपल्या परळचं. के.ई.एम.मधल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीही डॉक्टर असताना याच विषयात पीएच.डी. केली. फरक एवढाच, की परळमध्येच प्रजनन संशोधन संस्था होती आणि तिचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार सोबत होते. रुग्ण इस्पितळात, प्रयोगशाळा जवळच. ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला आणि देशभर कौतुक झालं.

खरी गोष्ट पुढेच आहे. मुखोपाध्यायांची कागदपत्रं वाचून आनंद कुमारांनी १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, की पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे. म्हणजे स्वतःचा मान स्वतःच्या हाताने दुसऱ्याला दिला!

दोघांकडेही बुद्धी होती, पदव्या होत्या. मुखोपाध्यायांना दोन जिवाभावाचे सहकारीही होते, पण पाठीशी संस्था नव्हती. घरातल्या नव्या डॉक्टरांनो, संशोधनाकडे वळायचं असेल तर जरूर वळा. फक्त विद्यापीठाचं नाव बघण्याआधी तिथले वरिष्ठ न पटणारं म्हणणंही ऐकून घेतात का, तेवढं विचारा.