अजिंठ्याची नाहीशी झालेली कवाडे

घरातील एखाद्या खोलीला दार नसते. भिंतीत नुसती मोकळी जागा सोडलेली असते आणि पुढे केव्हातरी तिथे दार बसवावयाचे ठरते. सुतार येतो, ओळंबा धरतो, आणि त्याचे पहिले उद्गार बहुधा तक्रारीचेच असतात: भिंत सरळ नाही. मग तो लाकडी चौकट उभी करतो, चौकट आणि भिंत यांच्यामधील फटीत पाचरी ठोकतो, बिजागऱ्या लावतो, आणि कवाड कुठे घासू लागले तर रंधा मारतो. गवंड्याची चूक सुतार अशी सावरून घेतो. पण भिंत विटांची नसून अखंड कातळाची असली तर? सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या पाथरवटांपुढे नेमका हाच प्रश्न होता.

अजिंठ्याला गेलेल्या प्रवाशाची दृष्टी चित्रांवर खिळते, आणि ते योग्यच आहे. मंडपाच्या कडेने भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आहेत. त्यांत डोकावून, आत काही नाही असे पाहून, आपण पुढे जातो. परंतु विहार म्हणजे अखेर राहते घर. पाऊस, वारा, वटवाघळे यांपासून आडोसा हवा, तर खोलीला दार हवे. ही कवाडे लाकडाची होती. काळाच्या ओघात ती गेली. उरली आहेत ती त्यांच्यासाठी दगडात कोरलेली भोके.

जुन्या पद्धतीच्या कवाडाला बिजागरी लागत नसे. एका कडेला वर आणि खाली लाकडाचाच खुंट राखलेला असे. वरचा खुंट माथ्याच्या भोकात, खालचा उंबऱ्याजवळील खळग्यात, आणि त्या दोहोंवर सारे कवाड फिरे. आपल्याकडील जुन्या वाड्यांतून अशी करकरणारी दारे ज्यांनी उघडली आहेत त्यांना हे सांगावयास नको.

अजिंठ्यात मात्र ही सोय सर्वत्र सारखी नाही. काही खोल्यांचे द्वार म्हणजे कातळात आरपार पाडलेली साधी वाट. कवाडाचा विचार कोरताना झालेला दिसत नाही. काही ठिकाणी द्वाराच्या आतल्या बाजूस दगडाचा पुढे आलेला भाग मुद्दाम राखून त्यात खुंटासाठी भोक पाडले आहे. आणखी काही ठिकाणी आतल्या तोंडाशी खाच घेतली आहे, म्हणजे मिटलेले कवाड त्या खाचेच्या कडेवर नीट टेकावे. घरातल्या भिंतीला लाकूड जोडता येते, चुना लिंपता येतो. कातळ फक्त कमी करता येतो. जो भाग एकदा तोडला तो परत मिळत नाही. म्हणून दार कसे बसणार, हे पहिल्या घावाआधीच ठरवावे लागे.

या क्षुल्लक भासणाऱ्या खुणांवरून लेण्यांचा काळ ठरविण्याचा खटाटोप अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक (1928–2019) यांनी आयुष्यभर केला. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो मोठा संग्रह 1963 साली सिद्ध केला, त्यात तो आहे. पण त्या लेखात वर्ष दिलेले नाही. स्पिंक यांनी मग दगडालाच विचारले. द्वारांच्या रचनेतील सुधारणांचा क्रम त्यांनी लावला, खळगे किती झिजले आहेत तेही पाहिले, आणि अशा अनेक पुराव्यांच्या बळावर मत मांडले की, महायान काळातील बहुतेक सर्व काम सुमारे इ. स. 462 ते 480 या अल्पावधीतच झाले. इतर अनेक अभ्यासक हे काम याहून बऱ्याच दीर्घ काळात पसरलेले मानतात.

मला स्वतःला येथे एक शंका येते. सुधारणा निघाली म्हणजे ती सर्वांनी त्याच वर्षी स्वीकारली, असे मानावे काय? एकाच वाड्यात माजघराचे दार खुंटावर आणि माडीचे लोखंडी बिजागऱ्यांवर, असे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. कारागीर हट्टी असतो, आणि धन्याला खर्च नको असतो. तथापि अजिंठ्याचे पाथरवट एकाच दरीत काम करीत होते. शेजारच्या लेण्यात काय चालले आहे ते त्यांना रोज दिसत असणार. शिवाय जेथे आधी साधे कोरलेले द्वार मागाहून तासून सुधारलेले आढळते, तेथे आधी काय आणि नंतर काय याविषयी वाद उरत नाही. वर्षांचा आकडा मान्य नसला तरी हा क्रम मान्य करावाच लागतो.

पुन्हा कधी अजिंठ्याला गेलात, तर चित्रे पाहून झाल्यावर बाजूच्या एका खोलीत जा आणि द्वाराकडे तोंड करून उभे राहा. वर कोपऱ्यात नजर टाका. तेथे मुठीएवढे भोक असेल, किंवा नसेल. असलेच, तर बोट आत घालून त्याची कड गुळगुळीत आहे की खरबरीत, ते चाचपून पाहण्याचा मोह होईल. पण रखवालदार हात लावू देत नाही.