तळ्याची परीक्षा

बंगळूरच्या शिवाजीनगराच्या पूर्वेस हलसूरचा तलाव आहे. तो केंपेगौडांच्या घराण्याने बांधला असे मानतात. १६३८ मध्ये हे शहर आदिलशाहीने जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांची जहागीर झाले. त्या काळी तळ्याने पावसाचे पाणी साठवावे, एवढीच अपेक्षा होती. १८०९ मध्ये इंग्रजांची छावणी आली, वस्ती दाटली आणि कालांतराने नाल्यांतील सांडपाण्याचे ओझेही तळ्यावर पडले.

हे काम तळ्याला परके नाही. गाळ तळाशी बसतो, जीवाणू मैल्याचे विघटन करतात, उन्हात शेवाळ त्यांना प्राणवायू पुरविते, पाणवनस्पती नत्र व स्फुरद शोषून घेतात. परंतु रात्री शेवाळच प्राणवायू वापरते. म्हणून दुपारचा नमुना फसवा ठरतो. आत शिरणारे व बाहेर पडणारे पाणी पहाटेही तपासले पाहिजे.

मार्च २०१६ मध्ये हलसूरच्या तळ्यात हजारो मासे मरून तरंगले. शहराच्या उत्तरेस जक्कूर येथे मात्र यंत्राने शुद्ध केलेले सांडपाणी आधी पाणथळीतून फिरते, मगच तलावात उतरते. तळे पाणी शुद्ध करते, पण त्याला पेलेल तेवढेच. ती मर्यादा मोजणे, हीच तळ्याची खरी परीक्षा होय.