ध्वनीची लिपी आणि तिचे मालक

मुद्रित पुस्तक आणि मुद्रित ध्वनी यांच्यात एक मूलभूत भेद आहे. पुस्तक डोळ्यांनी थेट वाचता येते. नोंदवलेला आवाज मात्र यंत्राच्या मध्यस्थीवाचून मुकाच राहतो. म्हणूनच ध्वनिमुद्रणाचा इतिहास हा गायकांचा जितका आहे, तितकाच तो यंत्रांच्या परस्परांतील बेबनावाचाही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅथे या फ्रेंच कंपनीच्या तबकड्यांवर खाचा उभ्या दिशेने कोरलेल्या असत, त्या नीलमण्याच्या गोलसर टोकाने वाजत, आणि त्यांतील अनेक तर आतून बाहेर वाजत. ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांवरील खाचा आडव्या डोलणाऱ्या होत्या. एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर निरुपयोगी. पुढल्या काळात हेच भांडण खाचांऐवजी अंकांच्या भाषेत लढले गेले, आणि आमच्या पिढीने ते प्रत्यक्ष पाहिले.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट एवढा मजकूर साठत असे. तो टेलिफोनच्या तारेवरून पाठवणे त्या काळी अशक्यप्राय होते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जो उपाय काढला, तो कानाच्या दुबळेपणावर आधारलेला होता. मोठ्या स्वराच्या शेजारचा क्षीण स्वर कानाला ऐकू येत नाही. मग तो साठवायचाच कशाला? १२८ किलोबिटच्या फाइलमध्ये मूळ मजकुराचा अकरावा भागच उरतो. ही काटछाट कितपत कळते, हे तपासण्यासाठी ब्रांडेनबुर्ग यांनी सूझन व्हेगा या गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे वाद्यसाथीविना गायलेले गीत पुनःपुन्हा वापरले. निराधार मानवी आवाजाला लपायला जागा नसते, हे आपल्याकडच्या कोणत्याही गवयाने सांगितले असते. १९९३ मध्ये हे तंत्र आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले आणि १९९५ च्या जुलैत त्याच्या फाइलींना 'एमपीथ्री' हे नाव मिळाले.

मानक सर्वांसाठी खुले होते, पण त्याचे पेटंट खुले नव्हते. १९९८ मध्ये फ्राउनहोफरने शुल्काची मागणी सुरू करताच पेटंटमुक्त पर्यायाची गरज भासू लागली, आणि त्यातून ऑग व्हॉर्बिस उभे राहिले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ ची. तंत्रदृष्ट्या ते सरस होते असे अनेक जाणकार मानतात. परंतु खिशातल्या यंत्रांनी त्याला फारशी दाद दिली नाही.

खरी भिंत उभी राहिली ती त्यानंतर. अॅपलने २००१ मध्ये आयपॉड आणले आणि २००३ मध्ये गाणी विकण्याचे दुकान उघडले. तिथली गाणी 'फेअरप्ले' नावाच्या कुलपात बंद असत. सीडीवर उतरवून घेण्याची पळवाट होती, पण दुसऱ्या कंपनीच्या वादकयंत्रावर ती थेट वाजत नसत. सोनी ही यंत्रे बनवणारी आणि त्याच वेळी गाण्यांची मालकी असलेली कंपनी. तिने २००४ पर्यंत आपल्या फ्लॅश वॉकमनला स्वतःच्या अॅट्रॅकखेरीज दुसरी भाषा शिकवली नाही. मायक्रोसॉफ्टची कथा तर प्रहसनात शोभावी अशी आहे. २००४ मध्ये तिने 'प्लेज फॉर शुअर', म्हणजे 'खात्रीने वाजणार', असे बोधचिन्ह अनेक कंपन्यांच्या यंत्रांना दिले. २००६ च्या नोव्हेंबरात तिने स्वतःचे 'झून' यंत्र आणले, आणि त्यावर ही खात्रीची गाणी वाजेनात! पुढे २००८ मध्ये, बंद पडलेल्या दुकानाचे परवाने देणारे संगणकही थांबवण्याची घोषणा झाली. ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली गाणी संगणक बदलताच मुकी झाली असती. ओरड झाल्यावर ही मुदत वाढवण्यात आली, एवढेच.

मोडी वाचणारे उरले नाहीत म्हणून दफ्तरे मुकी झाली, हे आपण जाणतो. पण मोडी कुणीही शिकू शकतो. तिचा परवाना मागे घेता येत नाही. डिजिटल कुलपाने इतिहासात आणलेली नवलाई ही आहे.

भारतात ही कुलपे फारशी पोहोचलीच नाहीत. अॅपलचे दुकान येथे २०१२ च्या डिसेंबरात उघडले, तोवर २००९ मध्ये त्यातील गाण्यांचे कुलूप निघालेही होते. आपल्याकडे राज्य केले ते एमपीथ्री सीडीने: ७०० मेगाबाइटच्या एका तबकडीत बारा तास संगीत. रस्त्यावरच्या टोपलीत ती विकली गेली, तशी अधिकृत कंपन्यांनीही विकली. परंतु हा मुक्त प्रवासही सरळ नव्हता. एमपीथ्री ध्वनीचे ठरावीक मापाचे तुकडे पाडते आणि फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता भरते. तीन मिनिटांच्या गाण्याला त्याने काही बिघडत नाही. मात्र विलंबित आणि द्रुत अशा दोन फाइलींत विभागलेल्या ख्यालात, सलग चाललेला तंबोरा जिथे अडखळतो, तो क्षण कानाला फार टोचतो.

फाइलीच्या शेवटी जोडली जाणारी माहितीची चिठ्ठी हा आम्हा साहित्याच्या शिक्षकांना अधिक जवळचा विषय. १९९६ च्या मूळ रचनेत तिला १२८ बाइट मिळाले आणि त्यांत शीर्षकाला ३०. देवनागरीची सोय तीत नव्हतीच. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीने लिहायचे म्हटले तरी प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'संगीत सौभद्र' ही अक्षरे ३४ बाइट घेतात, म्हणजे मावतच नाहीत. साहजिकच आपली नाट्यगीते रोमन लिपीत, वाटेल त्या वर्णलेखनाने नोंदली गेली. सोबतच्या ऐंशी प्रकारांच्या यादीत पोल्का होता. ख्याल, अभंग, लावणी यांपैकी काही नव्हते. गायक, संग्रह आणि वर्ष यांना रकाने होते. राग, ताल आणि पदकर्ता यांना नव्हते. पुढल्या आवृत्त्यांनी जागा वाढवली, युनिकोडही स्वीकारले. पण तोवर हजारो फाइली एकमेकांवरून नकलून झाल्या होत्या. किर्लोस्करांचे पद गाणाऱ्याच्या नावावर गेले, कुठे चित्रपटाच्या नावावर. नाट्यसंगीतावर प्रबंध लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आज जे संग्रह हाती लागतात, त्यांत पदकर्ता शोधायला पुन्हा छापील नाटकाकडेच वळावे लागते.

फ्राउनहोफरचा एमपीथ्री परवाना कार्यक्रम २०१७ च्या एप्रिलमध्ये संपला. तोवर श्रोते प्रवाही सेवांकडे वळले होते. त्या सेवांतून 'उतरवून' घेतलेले गाणे फोनमध्ये असते खरे, पण वाजते ते त्याच अॅपमध्ये, आणि वर्गणी चालू आहे तोवरच.