‘नेपाळची मदत’ कोण मंजूर करते?

१. मूळ मजकुरात नेपाळला मिळालेली मदत ‘दिल्लीने दिली’ असे आहे. ते ढोबळ आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ नुसार परराष्ट्र मंत्रालयाचा खर्च अनुदानाच्या मागणीच्या रूपाने लोकसभेपुढे येतो. सभागृह ती मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा तीत कपात करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. राज्यसभेला येथे मतच नाही. वकिलातींचा खर्च आणि शेजारी देशांची मदत याच मागणीत येतात. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात नेपाळसाठी ७०० कोटी आणि भूतानसाठी २,१५० कोटी रुपये होते. धोरण नापसंत असेल तर सदस्य मागणी एक रुपयावर आणण्याची कपात सूचना देतो. ती मंजूर होणे म्हणजे सरकारवरच संकट, म्हणून ती सहसा फेटाळली जाते. कित्येक मागण्या तर शेवटच्या दिवशी चर्चेविना, ‘गिलोटिन’खाली, आवाजी मतदानाने निघतात; मग कोणी काय मत दिले याची नोंद राहत नाही. वर्ध्याच्या वाचकाला यात घरगुती रस वाटावा: १९५२ मध्ये येथून लोकसभेवर गेलेले श्रीमन्नारायण १९६४ ते १९६७ नेपाळात राजदूत होते. त्या काळात वर्ध्याचे खासदार होते त्यांचे मेहुणे कमलनयन बजाज. — संपा.