मचाणाखालचा वाटा

‘कोथळा’ हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाला १६५९ सालचा प्रतापगड आठवतो. एका ऐतिहासिक प्रसंगाने हा शब्द इतका व्यापून टाकला आहे, की त्याचा व्यवहारातला अर्थ जवळजवळ विस्मरणात गेला. शिकाऱ्याला आणि त्याच्यासोबत रानात जाणाऱ्या माणसांना मात्र तो अर्थ चांगला ठाऊक होता. मारलेल्या सांबराचे वा चितळाचे पोट फाडून आतडी आणि वजडी बाहेर काढणे ही शिकारीतली एक अटळ पायरी होती. शिकारकथांतून बहुधा नेमकी हीच पायरी गळालेली दिसते. बार होतो, जनावर कोसळते, शिंगांची लांबी मोजली जाते आणि कथा संपते. रानाच्या दृष्टीने मात्र तेथून पुढे दुसरीच कथा सुरू होत असे. त्या दुसऱ्या कथेकडे वर्धा जिल्ह्याच्या निमित्ताने पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

वर्धा म्हटले की सेवाग्राम आणि पवनार डोळ्यांसमोर येतात. शिकार येत नाही. परंतु १८६२ साली नागपुरातून वेगळा काढलेला हा जिल्हा मध्य प्रांताचा भाग होता, आणि त्याच्या उत्तरेकडील सातपुड्याच्या फाट्यांवर सागाचे रान होते, आजही आहे. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील शिकार नियमांच्या कक्षेत आणली. पुढे वर्धा मध्य प्रांत व वऱ्हाडातून मध्य प्रदेशात, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. रान तेच राहिले. परवाना देणारे सरकार तेवढे बदलत गेले. १९७० साली बोर अभयारण्य घोषित झाले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली वाटही बंद केली. २०१४ पासून बोर हा व्याघ्रप्रकल्प आहे. अधिसूचित झाला तेव्हा त्याचे क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर होते.

कोथळा जागेवरच काढावा लागे, त्याला कारणे होती. सांबर, चितळ हे रवंथ करणारे प्राणी. जनावर मेले तरी त्याच्या पोटातला चारा आंबतच राहतो. वायू साठतो, पोट फुगते आणि मांसाला वास लागतो. विदर्भातल्या उन्हात तर हा अवधी फारच थोडा. शिवाय पूर्ण वाढलेला सांबर नर दोनशे किलोंहून अधिक भरू शकतो. तो गाडीवाटेपर्यंत वाहून न्यायचा तर आतले ओझे आधी काढणे भाग असे. मागे जमिनीवर उरे तो अर्धवट पचलेल्या गवताचा ढीग, आतडी आणि रक्ताने भिजलेली माती.

हा ढीग कोणाच्या वाट्याला जाई हे काळवेळेवर अवलंबून होते. दिवसा प्रथम डोळ्यांवर जगणारे येत: डोमकावळे, टकाचोर, मग गिधाडे. आपल्याकडील गिधाडे वासाने नव्हे, नजरेने अन्न शोधतात. उन्हाळ्यात सागाची पाने झडतात आणि रान वरून उघडे पडते. पावसाळ्यात तेच रान छत धरते. तेव्हा एकच ढीग चैत्रात गिधाडांचा आणि श्रावणात नाकावर जगणाऱ्यांचा, असा भेद पडणे स्वाभाविक होते. रात्री कोल्हा, तरस आणि रानडुक्कर यांची पाळी. हाडे मागे राहिली तर ती कुरतडायला साळिंदर. किडामुंगीचा हिशेब तर वेगळाच.

आता प्रश्न मचाणाचा. त्याच पाणवठ्यावर दुसऱ्या दिवशी बसायचे असेल तर कोथळा मचाणाखाली काढावा की दूर नेऊन? वरवर हा शिकाऱ्याच्या सोयीचा प्रश्न वाटतो; वस्तुतः त्यात रानाच्या वर्तनाचे एक मोठे कोडे दडलेले आहे. एकाच ठिकाणी तेथे दोन वास उरतात, रक्ताचा आणि माणसाचा. त्यात गिधाडांची झुंबड आणि रात्रीच्या पाहुण्यांची वर्दळ यांची भर पडते. पाण्यावर येणारे चितळ थबकले, तर ते रक्ताला भ्याले, माणसाला भ्याले की रक्तामागून येणाऱ्यांना, हे मचाणावरून सांगता येत नाही. मचाणावरच्या माणसाला दिसतो तो रिकामा पाणवठा. कारण त्याला कल्पनेनेच भरावे लागते.

विज्ञानाने या कोड्याच्या एका बाजूवर प्रकाश टाकला आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ साली एका प्राणिसंग्रहालयातील वाघ आणि रानकुत्री यांच्यापुढे लाकडाचे ओंडके ठेवले. काहींना खरे रक्त लावलेले होते, काहींना रक्ताच्या वासातील केवळ एक रासायनिक घटक. दोहोंकडे ते प्राणी सारख्याच ओढीने वळले. २०१७ साली त्याच घटकाची परीक्षा इतर प्राण्यांवर झाली, तेव्हा लांडगे जवळ आले, उंदीर मागे हटले आणि माणसाचे शरीरही नकळत मागे झुकले. त्या प्रयोगांत हरणे नव्हती, म्हणून चितळाविषयी निर्णय देता येणार नाही. तथापि एकच वास कोणाला आमंत्रण आणि कोणाला इशारा ठरतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

वाघाला हे गणित आपल्या रीतीने अवगत असावे. तो बहुधा सावजाच्या मागच्या पुठ्ठ्यापासून खाण्यास आरंभ करतो, पोटातली वजडी ओढून बाजूला टाकतो आणि सावज झुडपाखाली, गिधाडांच्या नजरेआड नेतो. म्हणजे कोथळा काढण्याची क्रिया माणसाने रानात आणलेली नाही. ती तेथे होतीच. माणसाने भर घातली ती आपल्या वासाची आणि पुन्हा त्याच जागी येण्याच्या सवयीची.

हे ज्ञान लेखी परंपरेत का उतरले नाही? जेम्स फॉर्सिथचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ चा, डनबर ब्रॅंडरचा येथील वन्य प्राण्यांवरील ग्रंथ १९२३ चा. दोघेही मध्य प्रांतातल्या रानाचे जाणकार. पण बंदूक धरणारा हात आणि सुरी धरणारा हात सहसा वेगळा असे. जनावर सोलणारे, वाटे घालणारे, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने सरपणाला जाताना ढिगाचे काय झाले हे सहज पाहणारे लोक गोंड, कोलाम आणि आसपासच्या खेड्यांतले होते. साहेबाच्या वृत्तांतात ते हाकारे किंवा वाटाडे म्हणून येतात, बहुधा नावावाचून. शिंगे भिंतीवर गेली, मोजमापे वहीत गेली. मचाणाखालचे निरीक्षण ज्यांच्या ठायी होते त्यांच्याबरोबरच ते विरून गेले. शिकारकथेचा शेवट बाराशी होतो, हा केवळ रचनेचा संकेत नाही. कोणाच्या पाहण्याला साक्ष मानायचे याचाही तो निर्णय आहे.

मराठीपुरते बोलायचे तर हा संकेत मोडणारे दोन लेखक चटकन आठवतात. व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा छंद होता. पण ‘नागझिरा’ लिहिणारे माडगूळकर बंदूक बाजूला ठेवून केवळ पाहण्यासाठी रानात राहिलेले आहेत. मारुती चितमपल्ली तर वनाधिकारीच, विदर्भाच्या रानांत आयुष्य काढलेले. त्यांनी आदिवासींचे शब्द आणि त्यांची निरीक्षणे आदराने मराठीत आणली. २०२५ साली चितमपल्ली गेले, तेव्हा शिकारकथेने वगळलेले ऐकणारा एक मोठा कान मिटला.

वर्ध्याच्या इतिहासात मृत जनावराकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्यातील मगनवाडी हे होते, आणि शहरालगत नालवाडीला मेलेल्या गुरांच्या चामड्याचे काम चाले. मारलेल्या नव्हे, मेलेल्या जनावराचे कातडे घ्यावे आणि त्याचे काहीच वाया जाऊ देऊ नये, हे त्यामागचे सूत्र. शिकाऱ्याने कोथळा टाकून दिला, ग्रामोद्योगाने टाकाऊ हा शब्दच अमान्य केला. दुसरी दृष्टी नैतिकदृष्ट्या कितीतरी उंच आहे, यात शंका नाही. पण रानाचाही काही वाटा असतो, हा विचार दोन्ही हिशेबांच्या बाहेरच राहिला.

त्या वाट्याची किंमत पुढे कळली. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृतदेहांतून गिधाडांच्या मूत्रपिंडांपर्यंत पोहोचत होते. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील काँडोर या गिधाडाला शिकारीनंतर उरलेल्या आतड्यांतील शिशाच्या कणांनी विषबाधा होत असे. तेथे २००८ पासून काँडोरच्या प्रदेशात आणि २०१९ पासून सर्व राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना मनाई झाली. दोन्ही ठिकाणी मृत्यू आला तो माणसाने मागे टाकलेल्या अन्नातून. २०२४ साली पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून आणलेली गिधाडे पेंच आणि ताडोबाच्या रानांत सोडण्यात आली. बोर या दोहोंच्या दरम्यानच येतो.

आज बोरच्या रानात कोथळा काढण्याचा अधिकार वाघाला आहे. तो आपल्या रीतीने वजडी बाजूला टाकतो आणि निघून जातो. कोल्हा येतो, रानडुक्कर येते; वरून उतरणाऱ्यांची जागा मात्र अद्याप रिकामीच म्हणावी लागेल. शिकारकथा वाचताना आणि शिकवताना आपण बाराच्या आवाजापाशी न थांबता आणखी एक रात्र त्या मचाणावर बसलो, तर खाली कोण आले याबरोबरच कोण आले नाही, हेही आपल्याला दिसू लागेल.