होमिओपॅथीच्या गोळीत नेमकं काय असतं?

"डॉक्टर, होमिओपॅथी सुरू केलीय. आता शुगरची गोळी बंद केली तर चालेल ना?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर 'नाही' एवढंच आहे. पण नुसतं 'नाही' म्हटलं की समोरच्याला वाटतं, डॉक्टर दुसऱ्या पॅथीवर जळतात. म्हणून आज जरा मागे जाऊन, सुरुवातीपासून सांगतो.

सॅम्युअल हानेमान (१७५५–१८४३) हे जर्मनीतले डॉक्टर. त्यांच्या काळातलं वैद्यक आधी डोळ्यासमोर आणा. ताप आला, काढा शिरेतून रक्त. नाही उतरला, द्या पारा, करवा जुलाब. बरेच रुग्ण रोगापेक्षा उपचारांनीच खचत. हानेमान यांना हे सहन होईना. प्रॅक्टिस आवरती घेऊन ते भाषांतरं करू लागले. १७९० मध्ये विल्यम कलेन यांच्या औषधांवरील ग्रंथाचं भाषांतर करताना त्यांनी सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली. मलेरियावर तेव्हा हीच साल देत. पुढे क्विनीन तिच्यातूनच वेगळं काढलं गेलं. हानेमान यांना मलेरिया नव्हता, तरी साल खाल्ल्यावर त्यांना मलेरियासारखीच लक्षणं जाणवली.

त्यावरून त्यांनी तत्त्व मांडलं, ते आपल्या भाषेत 'काट्याने काटा काढावा' असं. निरोगी माणसात जी वस्तू जी लक्षणं निर्माण करते, तीच अगदी अल्प प्रमाणात दिली तर तशा लक्षणांचा रोग बरा करते. कांदा चिरताना डोळ्यांतून आणि नाकातून पाणी येतं, म्हणून कांद्यापासून केलेलं 'एलियम सेपा' वाहत्या सर्दीवर. १८१० मध्ये त्यांचा 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ आला. जाता जाता सांगतो, 'अ‍ॅलोपॅथी' हा शब्दही हानेमान यांचाच, आणि तो त्यांनी काही कौतुकाने दिलेला नव्हता.

खरा वाद आहे तो 'अल्प प्रमाण' या शब्दांवर. मूळ अर्काचा एक थेंब आणि ९९ थेंब पाणी किंवा अल्कोहोल नीट हलवलं की झालं १ सी. त्यातला एक थेंब पुन्हा ९९ थेंबांत, की २ सी. असं करत ३० सी, २०० सी. आता आपल्या पैठणचा नाथसागर घ्या. काठोकाठ भरला की त्यात सुमारे २९० कोटी घनमीटर पाणी मावतं. त्यात अर्काचा एकच थेंब टाकून सगळीकडे सारखा मिसळला, तर ती पोटन्सी येते ८ सी आणि ९ सी यांच्या मधे कुठेतरी. १२ सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही बाटलीत असण्याची शक्यता जवळपास संपते. आणि दुकानात सर्रास मिळतं ते ३० सी!

मग लोकांना गुण येत होता तो कसा? १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीत तिथल्या होमिओपॅथिक रुग्णालयात सुमारे १६ टक्के रुग्ण दगावले, इतर रुग्णालयांत निम्म्याहून जास्त. आकडे खरे आहेत. पण इतर ठिकाणी जुलाबांनी शुष्क झालेल्या माणसाचं रक्त काढत होते, पारा देत होते. त्यापेक्षा काहीच न देणं चांगलं होतं.

हे तपासायची पद्धतही जुनीच आहे. १८३५ मध्ये न्यूरेंबर्गमध्ये पन्नासहून अधिक लोकांना कुप्या वाटल्या. काहींत ३० सीचं मीठ, काहींत नुसतं पाणी. कोणाला काय मिळालं ते देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पन्नास जणांनी उत्तरं कळवली. त्यांपैकी फक्त आठ जणांना काही वेगळं जाणवलं: पाच औषधवाले, तीन पाणीवाले. बाकीच्या बेचाळीस जणांना काहीच नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातलाच एक अभ्यास. २०१० मध्ये आयआयटी मुंबईच्या प्रा. जयेश बेल्लारे यांच्या गटाने सोनं, तांबं, जस्त अशा धातूंची दुकानातली होमिओपॅथिक औषधं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ३० सी आणि २०० सीमध्येही धातूचे अतिसूक्ष्म कण सापडले. 'विज्ञानाने होमिओपॅथी सिद्ध केली' असे मेसेज तेव्हापासून फिरतात. पण या अभ्यासात ६ सी काय आणि २०० सी काय, धातूचं प्रमाण साधारण सारखंच निघालं. मग पोटन्सी वाढवण्याला अर्थ काय उरला? आणि बाटलीत काही सापडणं वेगळं, त्याने रोग बरा होणं वेगळं. एकाही रुग्णावर हा प्रयोग झालेला नव्हता. रुग्णांवरचे १७६ अभ्यास ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात मिळाला नाही. होमिओपॅथांच्या संघटनांनी या तपासणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले आहेत, हेही सांगायला हवं.

"पण मला तर फरक पडला!" पडला असेल. दुखणं शिगेला पोचतं तेव्हाच माणूस नवा डॉक्टर शोधतो, आणि त्यानंतर बहुतेक दुखणी आपोआप उतरतात. शिवाय तासभर बसून झोप, स्वप्नं, राग-लोभ सगळं विचारणारा डॉक्टर भेटला की निम्मा भार हलका होतो. आम्ही पाच मिनिटांत पेशंट उरकतो, हा दोष आमचाच.

धोका बहुधा गोळीत नसतो, तो असतो वाया गेलेल्या वेळेत. इन्सुलिन, फिटची गोळी, दम्याचा पंप, टीबीचा कोर्स कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर थांबवू नका. दोन्हीकडे औषध घेत असाल तर दोन्ही डॉक्टरांना तसं सांगा.

धोक्याची दुसरी बाजू मुंबईतल्या एका खटल्यात दिसली. १९९२ मध्ये तापाच्या रुग्णाला एका होमिओपॅथ डॉक्टरांनी आधुनिक औषधं दिली, रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या पॅथीचं शिक्षण नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा ठरवून पत्नीला तीन लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुढे २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला: एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांना काही मर्यादेत आधुनिक औषधं लिहिता यावीत. आयएमए त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि १८ सप्टेंबर २०२५ ला याच मुद्द्यावर राज्यभर डॉक्टरांनी एक दिवस काम बंद ठेवलं. गंमत पाहा, या भांडणात गोड गोळ्यांबद्दल कोणीच बोलत नाही. भांडण आहे अँटिबायोटिक कोणी लिहायचं याचं.

त्यामुळे पुढच्या वेळी चिठ्ठी हातात पडली की वर छापलेली पदवी वाचा, आणि खाली लिहिलेलं औषध कोणत्या पॅथीचं आहे ते बिनधास्त विचारा.