मागच्या ब्रेकचा आवाज

मोटारीच्या मागच्या चाकांतून येणारी चीं-चीं, खरखर, घरघर किंवा ठोका यांना मिळून ‘मागच्या ब्रेकचा आवाज’ म्हणतात. तो ब्रेक दाबताना येतो, सोडताना येतो, कधी पेडलवर पाय नसतानाही येत राहतो. एकाच प्रकारचा आवाज चार-पाच निरनिराळ्या कारणांनी येऊ शकतो. त्यामुळे तो कसा आहे यापेक्षा नेमका केव्हा येतो, हे आधी पाहावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला भूगोलाची जोड आहे. जिल्ह्याचे बोलण्यातले दोन भाग म्हणजे घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार ही गावे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या वरच्या अंगाला आहेत, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद पूर्णेच्या खोऱ्यात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, मलकापूर अडीचशेच्या आसपास. मलकापूरकडे राजूर घाटाने आणि खामगावकडे बोथ्याच्या घाटाने उतरताना हा सगळा फरक ब्रेकवर येतो. खोऱ्यातल्या सरळ रस्त्यावर मागचा ब्रेक निम्मा निकामी झाला तरी महिनोन्महिने कळत नाही, कारण तिथे पुढचाच ब्रेक काम उरकतो. आवाज ही त्याची पहिली आणि पुष्कळदा एकमेव सूचना असते.

रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्यांत, म्हणजे अल्टो, वॅगन आर, बोलेरो यांत, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतो. फ्रान्सच्या लुई रेनोने 1902 मध्ये रूढ केलेली ही रचना मुळात फारशी बदललेली नाही. चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात आणि त्यांवर लायनर चिकटवलेला किंवा रिव्हेटने बसवलेला असतो. पेडल दाबले की व्हील सिलेंडरचे पिस्टन शू बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमला घासतो. पाय काढला की स्प्रिंगा शू मागे ओढतात. दोन शूंपैकी पुढचा शू ड्रमच्या फिरण्यामुळे आपोआप अधिक घट्ट दाबला जातो, म्हणून तो जास्त झिजतो. रिव्हर्समध्ये ही भूमिका दुसऱ्या शूकडे जाते. गाडी मागे घेताना जोरात चीत्कारते आणि पुढे चालताना गप्प राहते, त्याचे कारण बरेचदा इथेच असते.

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येऊन ती थांबली, तर रात्रीच्या दमटपणाने ड्रमवर चढलेला गंजाचा पातळ थर निघून गेला असे समजावे. त्यासाठी काही करावे लागत नाही. संध्याकाळी गाडी धुऊन लगेच हँडब्रेक ओढून ठेवली, तर लायनर ड्रमला चिकटतो आणि गाडी हलवताना मागून ‘टक्’ असा आवाज येतो. धुतल्यावर थोडे चालवून, हलके ब्रेक मारून ड्रम वाळवला की हा त्रास होत नाही.

पेडल दाबल्यावर येणारी बारीक, उंच स्वरातली चीं-चीं ही कंपनाची असते. लायनर तापून काचेसारखा गुळगुळीत झाला, ड्रममध्ये झिजेची पूड साठली, किंवा शूच्या कडा ज्या उंचवट्यांवर सरकतात ते बॅक प्लेटवरचे उंचवटे कोरडे पडले, तर शू थरथरतो. बॅक प्लेटवर साचून वाळलेला काळ्या रानाचा चिखलही खरखर करतो. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेली गाडी धुताना चाकांची आतली बाजू सहसा राहून जाते.

लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर मात्र थांबून पाहण्याची गोष्ट नव्हे. लायनर संपून रिव्हेट किंवा शूचा पत्रा ड्रमला लागत असतो, आणि प्रत्येक ब्रेकगणिक ड्रमवर चरे पडत जातात. शूच्या खर्चात मग ड्रमचाही खर्च येऊन मिळतो. ब्रेक न दाबताही चाकाच्या फेऱ्यागणिक ‘खस्-खस्’ होत असेल, तर हँडब्रेकची केबल अडकली आहे, स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा पिस्टन जाम आहे. दहा-पंधरा किलोमीटर चालवून दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेला तर एका बाजूची धग वेगळी जाणवते. ड्रमला हात लावू नये, तो भाजण्याइतका तापलेला असू शकतो. वेगाबरोबर वाढणारा आणि वळणावर कमी-जास्त होणारा गुणगुणता आवाज ब्रेकचा नसून व्हील बेअरिंगचा असतो. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर टायरच्या आवाजात तो सहज दडतो, म्हणून त्याची परीक्षा गुळगुळीत डांबरी रस्त्यावर करावी.

उत्पादनातल्या दोषामुळेही असा आवाज येतो. ऑक्टोबर 2022 मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस या मॉडेलच्या 9,925 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. 3 ऑगस्ट ते 1 सप्टेंबर 2022 या काळात तयार झालेल्या या गाड्यांत मागच्या ब्रेकच्या जुळणीतली एक पिन तुटण्याची आणि त्यातून विचित्र आवाज येण्याची शक्यता होती. पुढे ब्रेकच्या कामावरही परिणाम होऊ शकतो, असे कंपनीने कळवले होते. सुटा भाग विनामूल्य बदलून देण्याची सोय होती. त्या काळातली सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने चेसिस नंबरवरून ते काम झाले आहे का, हे अधिकृत सेवा केंद्रात विचारून घ्यावे.

ड्रम उघडताना एक अडचण हमखास येते: हँडब्रेक सोडल्याशिवाय ड्रम निघत नाही, आणि हँडब्रेक सोडला की गाडी सरकते. म्हणून गाडी सपाट जागी घेऊन पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, गिअर टाकून ठेवावा आणि जॅकवर विसंबून न राहता खाली स्टँड द्यावा. पुष्कळ ड्रमना आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने पिळले की गंजून बसलेला ड्रमही सरळ बाहेर येतो. हातोड्याचे घाव घालण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला, कारण बीड ठिसूळ असते. आतली पूड हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि आजही प्रत्येक सुट्या मालाची खात्री देता येत नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसावे.

दोन्ही चाके एकदम सोडवू नयेत. एका बाजूची जुळणी शाबूत राहिली की कोणती स्प्रिंग कुठल्या भोकात होती, हे तिच्याकडे पाहून कळते. व्हील सिलेंडरचे रबर किंचित उचलून आत ओल दिसली तर सिलेंडर गळतो आहे. ब्रेक ऑइल प्यायलेला लायनर पुसून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही, तो बदलावाच लागतो, तोही दोन्ही चाकांचा जोडीने. एकाच बाजूचा शू नवा घातला तर गाडी ब्रेकला एकीकडे ओढते. बॅक प्लेटवरच्या उंचवट्यांना उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पुसट हात द्यावा. लायनरला ग्रीस लागता कामा नये. चीं-चीं बंद व्हावी म्हणून ड्रममध्ये तेलाचा फवारा मारण्याची चाल काही ठिकाणी दिसते, ती जिवावरची आहे. आवाज जातो आणि त्याबरोबर ब्रेकही जातो.

ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर नखाला लागतील असे चरे असतील तर तो लेथवर फिरवून घेतात. व्यास किती वाढू द्यायचा याचा कमाल आकडा पुष्कळ ड्रमवरच ओतलेला असतो आणि तो ओलांडला असेल तर नवा ड्रम घ्यावा. लेथवरचे काम घाईत झाले तर पृष्ठभागावर पेचासारखी रेघ राहते. शू त्या रेघेबरोबर बाहेर सरकतो आणि झटक्याने परततो. काम करून आणलेल्या गाडीतून नव्यानेच ‘टक्-टक्’ येऊ लागते ती यामुळे, आणि पॉलिश पेपर आडवा-तिरपा फिरवला की ती बहुधा थांबते.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांत कारणे थोडी निराळी: संपत आलेल्या पॅडची सूचना देणारी पत्र्याची जीभ, कॅलिपरच्या सुकलेल्या सरक-पिना, किंवा डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत अडकलेला खडा. खडा कर्कश ओरडतो, पण गाडी थोडी मागे-पुढे केली की अनेकदा आपोआप निसटतो.

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि तोवर आरटीओची फिटनेस तपासणी तिच्या वाट्याला येत नाही. तोपर्यंत मागचा ब्रेक पाहणारा मालक आणि त्याचा मेकॅनिक एवढेच. नव्या लायनरला ड्रमशी जुळायला साधारण दोन-तीनशे किलोमीटर लागतात. त्या काळात ब्रेक हळुवार मारावा, हँडब्रेक किती दात ओढल्यावर धरतो ते पुन्हा तपासावे, आणि घाट उतरायचाच झाला तर खालचा गिअर टाकून इंजिनच्या रोधाने गाडी आवरावी.